त्या वैशाखातल्या बैठका

मे महिना सरत आला की लातूरच्या आमच्या गल्लीत टेम्पो यायला लागतात. कुणाची बदली झालेली असते, कुणी मुलाला इथल्या क्लासेसना घातलेलं असतं, कुणाच्या घरमालकाने भाडं वाढवलेलं असतं. उलटा बांधलेला कूलर, दोरीने आवळलेल्या गाद्या, ड्रायव्हरच्या पायाशी तुळशीची कुंडी आणि सगळ्यात वर पाण्याची निळी टिपाडं. परवा समोरच्या घरापुढे असाच एक टेम्पो थांबला. त्यातून उतरलेली बाई रस्त्यातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि आपल्याच सामानाकडे अनोळखी नजरेनं बघत राहिली. मी तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. घरात परत आले आणि मग दुपारभर कशात लक्ष लागेना.

बँकेत नोकरी करणाऱ्याच्या बायकोला सहा ऋतूंच्या जोडीला सातवा एक ऋतू ठाऊक असतो, बदल्यांचा. तो वैशाखात येतो. शाळा सुटलेल्या असतात, निकाल लागायचे असतात, उन्हानं भिंती तापलेल्या असतात आणि घरातली कपाटं एकेक करून तोंड उघडायला लागतात. माळ्यावरून काय काय खाली येतं. तुटक्या दांडीचे कप, मुलीची पहिली पाटी, कुणाच्या तरी लग्नात मिळालेला न उघडलेला लेमन सेट. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ठरवायचं, ही येणार की राहणार. असे कितीतरी वैशाख मी काढले. पण आठवतो तो एकच, दोन वर्षांपूर्वीचा, नांदेडचा.

नांदेडला आम्ही पुष्कळ वर्षं राहिलो. इतकी, की बदलीची शक्यता मी विसरूनच गेले होते. तरोड्याच्या बाजूला आमचं भाड्याचं घर होतं आणि सकाळी फिरायला जाताना जमलेल्या दोन मैत्रिणी होत्या. एक शकुंतला, म्हणजे शकू. लोह्याजवळच्या खेड्यातली, मुलांच्या शिक्षणासाठी नांदेडला घर केलेली. नवरा आठवड्यातले चार दिवस शेतावर. शकू उंच, मोठ्या आवाजाची, रस्त्यानं चालताना समोरच्या फुटपाथवरच्या बाईशी बोलणारी. दुसऱ्या महादेवी अक्का. माहेर उदगीरचं, यजमानांचं तेलाचं आणि शेंगदाण्याचं दुकान. आम्हा दोघींपेक्षा वयानं दहा-बारा वर्षांनी मोठ्या. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, गळ्यात लिंग, आणि बोलण्यात मध्येच एखादा कानडी शब्द. कानडीत ‘साकु’ म्हणजे पुरे. शकूचं बोलणं फार लांबलं की अक्का म्हणायच्या, “शकू, साकु!” आणि मग तिघीही रस्त्यात उभ्या राहून हसायचो.

मी लग्नाआधी चित्रकलेची पदविका केली होती. थोडे दिवस एका शाळेत शिकवलं, मग संसार. नांदेडला आल्यावर, मुलगी मोठी झाल्यावर, दुपारच्या वेळी मी पुन्हा कागद काढला. फार काही नाही. दारातला कडुनिंब, घाटावरच्या पायऱ्या, भाजीवालीची टोपली. या दोघी बघायच्या. शकू म्हणायची, “ह्याच्यात गोदावरी कुठाय? नुसत्या पायऱ्या हायेत.” अक्का म्हणायच्या, “पायऱ्या हायेत म्हणजे नदी आलीच की गं.” माझ्या चित्रांना आयुष्यात एवढेच प्रेक्षक मिळाले आणि मला ते कधी कमी वाटले नाहीत.

त्या साली संक्रांतीच्या सुमाराला शकूच्या छातीत गाठ सापडली. ऑपरेशन झालं, मग सलाईनमधून ती औषधं सुरू झाली. होळीपर्यंत तिचे केस गेले. पाठोपाठ भुवया, पापण्यासुद्धा. चेहरा पिवळट आणि सुजल्यासारखा. एकदा सलाईन झाली की आठवडाभर ती अंथरुणाला खिळायची, मग जरा उठायची, तोवर पुढची तारीख. आणि बरोबर त्याच दिवसांत आमच्या यांची लातूरला बदली झाल्याचं पत्र आलं. मुलीची अकरावीही लातूरला होईल म्हणून घरात सगळे खूश. मी मात्र खोक्यांच्या मधोमध बसून होते.

एका दुपारी शकू आली. बाहेर रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं, इतकं ऊन. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, भिंतीला धरत धरत आत आली आणि कूलरसमोर बसली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, “मंगल, माझं एक चित्र काढ.”

“आत्ता?”

“मग कधी? तू तर चाललीस.”

मी म्हटलं, “अगं, दिवाळीपर्यंत केस येतील. मी येईन की तेव्हा. छान काढू.”

“केस आल्यावर फोटोवाला बी काढंल. मला आत्ताचं पायजे.”

मग तिनं सांगितलं. आदल्या आठवड्यात लोह्याला तिच्या पुतण्याचा साखरपुडा झाला. तिला न्यायचं की नाही यावर घरात दोन दिवस खल, शेवटी नेलं. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली तेव्हा थोरल्या मुलानं तिला हळूच सांगितलं, आई, तू जरा आत जाऊन पड, थकली असशील. ती आत जाऊन पडली. बाहेर फोटो निघाले. नंतर तिनं मोबाइलमध्ये शोधलं. संक्रांतीपासूनचा तिचा एकही फोटो कुणाकडे नव्हता.

“पोरगं वाईट न्हाई गं,” ती म्हणाली. “त्याला बघवंना. पण मला सांग, ह्या सालात मी नव्हतेच का? उद्या नातवंडं फोटो बघतील, तर ह्या सालात आज्जी कुठं गेल्ती म्हणतील? मी हितंच होते. लई त्रास काढला, पण हितंच होते.”

मी उठून कागद शोधायला गेले. तो नेमका कुठल्या खोक्यात बांधलेला होता, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली तेव्हा मागोमाग अक्काही आल्या. मी दार उघडून म्हटलं, “अक्का, घरात बसायला जागा नाही हो. भांडी अजून तशीच आहेत, ट्रकवाला महिनाअखेरीला येतो म्हणालाय, आणि ही चित्र काढ म्हणते.” अक्कांनी घरभर एक नजर फिरवली. पदर खोचला. “तू तिचं काढ. मला दोऱ्या कुठं ठेवल्यात तेवढं सांग.”

तेव्हापासून शकूच्या तब्येतीनं परवानगी दिली त्या प्रत्येक दुपारी हे असंच चाललं. बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत असायची, खिडकीला ओलं गोणपाट टांगलेलं, त्याचा मातकट वास. हॉलच्या एका अंगाला शकू खुर्चीत. समोर मी, मांडीवर बोर्ड. आणि खोलीच्या उरलेल्या भागात अक्का, वर्तमानपत्रांच्या ढिगात, माझा संसार बांधत. लोक म्हणतात, कितीही घाई असली तरी आवडीच्या गोष्टीसाठी वेळ काढावा. मीही म्हणत असे. पण वेळ काही असा कोपऱ्यात पडलेला नसतो काढून घ्यायला. तो कुणाच्या तरी वाट्यातून येतो. त्या वैशाखात माझ्या हातात कोळशाची कांडी होती, कारण माझी बरण्या-पातेली अक्कांच्या हातात होती. हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. तेव्हा मी फक्त म्हणायचे, “अक्का, राहू द्या हो, मी करते संध्याकाळी,” आणि त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या.

पहिलं चित्र मी जलरंगात सुरू केलं. नांदेडच्या मे महिन्यात जलरंग म्हणजे वेडेपणा. कागदावर पाण्याचा हात फिरवून कुंचला रंगात बुडवेपर्यंत कागद कोरडा. तरी मी नेटानं केलं. ओढणी जरा पुढे घेतली, तिच्या सावलीत कपाळ झाकलं, गालाला गव्हाळ रंग दिला, डोळ्यांवर हलकी तपकिरी रेघ. तीन दुपारी गेल्या. मला ते जमल्यासारखं वाटत होतं. अक्का म्हणाल्या, “अय्यो, किती गोड दिसायली!”

शकूनं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं.

“ही कोण बाई?”

“तूच की.”

“ही माझ्या धाकट्या जावंसारखी दिसायली.” तिनं चित्र खाली ठेवलं. “मंगल, तू बी त्या पोरासारखंच केलंस. मला आतल्या खोलीत नेऊन निजवलंस.”

आणि तिनं ओढणी काढली. पूर्ण. नुसतं डोकं, त्यावर उन्हातून आल्यामुळे घामाचे थेंब, कानामागची हिरवी शीर. भुवयांच्या जागी दोन उंचवटे. पापण्या नसल्यामुळे डोळे विलक्षण उघडे. मी इतके दिवस तिच्यासमोर बसत होते आणि तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

अक्कांना ते सहन झालं नाही. “शकू, पदर घे गं. इतकं खरं कशाला पायजे? माणूस तसबीर करतो ती चांगली दिसायला.”

“अक्का, देवाची तसबीर चांगली दिसायला असती. मी माणूस हाय.”

“पुढं तुलाच बघून वाईट वाटंल.”

“वाटू द्या की. वाईट झालंच हाय.”

 पाठ फिरवून अक्कांनी एक खोकं ओढलं आणि बराच वेळ एकच बरणी पुसत राहिल्या. मी रंग बाजूला सारले, मोठा कागद घेतला आणि कोळसा उचलला.

कोळशात दया नसते. किंवा असते, पण ती झाकण्यातली नसते. रेघ जिथं आहे तिथं ठेवावी लागते. ती कवटीची गोलाई मी कितीदा पुसून पुन्हा काढली. शकूला फार वेळ बसवत नसे. मध्येच तिला मळमळायचं, मग अक्का लिंबाची फोड आणून द्यायच्या. मध्येच ती बसल्या बसल्या डुलकी घ्यायची आणि आम्ही दोघी कूलरच्या आवाजात गप्प बसायचो. कधी ती बोलायची, गावाकडच्या विहिरीबद्दल, सासूबद्दल, सलाईनच्या खोलीत शेजारच्या कॉटवर असलेल्या उमरीच्या बाईबद्दल. “तिला म्हणलं, तुला बी घेऊन येते मंगलकडं. ती म्हणली, नको बाई, मी तर आरसा बी उलटा करून ठेवलाय.”

घरात माझ्यावर राग होताच. एका दुपारी हे लवकर आले. दारातच थबकले. अर्धवट बांधलेलं घर, खुर्चीत डोकं उघडं टाकून बसलेली शकू, काळ्या हातांची मी. सकाळीच ते म्हणाले होते, “ट्रक दारात येईल आणि बाईसाहेब चित्र काढत बसतील.” मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ते आत आले, चपला काढल्या, माझ्यामागे उभे राहून कागदाकडे पाहिलं. मग कूलर उचलून थोडा पुढे सरकवला, शकूच्या दिशेनं, आणि आतल्या खोलीत निघून गेले. त्यानंतर ते चित्रावरून मला एक शब्द बोलले नाहीत.

घर रिकामं होत गेलं तसा आवाज घुमायला लागला. भिंतींवर फोटोंच्या चौकटींच्या जागी उजळ चौकोन दिसू लागले. शेवटच्या बैठकीला तर फक्त शकूची खुर्ची आणि एक सतरंजी उरली होती. मी कोळसा ठेवला आणि बोर्ड तिच्याकडे वळवला.

ती खूप वेळ बघत होती. अक्काही मागे येऊन उभ्या राहिल्या. शकूनं हात पुढे केला, पण कागदाला लावला नाही.

“हाव,” ती म्हणाली. “हीच.”

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मग त्याच पदरानं शकूच्या डोक्यावरचा घाम टिपला. अक्कांना ते चित्र तेव्हा पटलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

लातूरला आल्यावर कितीतरी दिवस मी खोकी उघडत होते. अक्कांची गाठ अशी, की सुरी घेतल्याशिवाय सुटत नसे. एकही काच फुटली नव्हती. इथं पाणी आठवड्यातून केव्हातरी, त्यामुळे टिपाडं भरणं हेच मोठं काम. शेजार नवा, फिरायला जायचा रस्ता नवा. कोळशाचा डबा मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला तो ठेवलाच. फोनवर दोघी भेटायच्या. शकूची औषधं संपली, तपासण्या चांगल्या आल्या. तिनं चित्र चौकट करून हॉलमध्ये, दारातून आल्या आल्या दिसेल असं लावलं होतं. पाहुणे यायचे असले की मुलगा काढून ठेवायचा, पाहुणे गेले की ती पुन्हा लावायची. शेवटी मुलगाच कंटाळला.

गेल्या पौषात एका सकाळी शकूचा फोन आला. ती बोलेचना. मला वाटलं, तिचंच काही पुन्हा निघालं. मी म्हटलं, “शकू, काय सांगितलं डॉक्टरनी?”

“मी बरी हाय गं,” ती म्हणाली. “अक्का गेल्या.”

सकाळी पूजेला बसल्या होत्या. सून दूध घेऊन आत गेली तर मान कलंडलेली.

मिळेल त्या गाडीनं मी नांदेडला निघाले. अहमदपूर, लोहा, मध्ये थंडीनं धुकं, शेतातून हरभरा. काहीच डोळ्यांत शिरत नव्हतं. आम्ही तिघी, म्हणजे मी, शकू आणि अक्कासुद्धा, त्या वैशाखात एकाच माणसाची काळजी करत होतो. दुसऱ्या कुणाला काही होईल हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

लिंगायतांमध्ये देह बसवून नेतात. मी पोचले तेव्हा अक्कांना मांडी घालून बसवलं होतं. पाठीला आधार, नवं लुगडं, गळ्यात फुलांच्या माळा, आणि कपाळावर, गालांवर विभूती. शांत, ताठ, डोळे मिटलेले. सगळे म्हणत होते, किती प्रसन्न दिसतात. शकूनं माझा हात धरला आणि कानाशी म्हणाली, “अक्का अशा कधी गप बसल्यात का गं?” आणि मग आम्ही दोघी रडलो.

या वर्षी अक्षय्य तृतीया झाल्यावर शकू लातूरला आली, दोन दिवस राहायला. एकटी, एसटीनं. केस आले होते, पांढरे आणि कुरळे, पूर्वी कधी नव्हते तसे. उतरल्या उतरल्या म्हणाली, “आता अक्कांचं काढायचं.”

फोटो नव्हता असं नाही. दुकानात लावलेला एक होता, स्टुडिओतला, पण त्यात कुणीतरी दुसरीच घाबरलेली बाई होती. शकूच्या मोबाइलमध्ये हळदीकुंकवाचा एक होता, त्यात अक्का कुणाला तरी काहीतरी सांगायला वळलेल्या आणि चेहरा हलून पुसट झालेला. दोन्ही बाजूला ठेवून मी कोळशाचा डबा खाली काढला. आम्ही आठवून काढायचं ठरवलं. नाक काढलं, शकू म्हणाली लांब झालं. हनुवटीला खळी होती, मी म्हटलं. “न्हाई, ती हसल्यावर पडायची.” डोळे बारीक होते की मोठे, यावर आमचं भांडण झालं. मी पुसत गेले, काढत गेले, शेवटी कागदाचा भुगा निघायला लागला. दोन वर्षांपूर्वी ती बाई रोज दुपारी माझ्यापासून चार हातांवर बसलेली होती, हातात कोळसा होता, आणि मी तिची एक रेघसुद्धा काढली नव्हती.

मी बोर्ड ठेवून दिला. म्हटलं, “शकू, मला त्या बसवलेल्याच दिसतात. डोळे मिटले की त्याच. विभूती लावलेल्या.”

“मला बी तेच दिसायलंय,” शकू म्हणाली.

पंखा फिरत होता. खाली कुणाचं तरी टिपाड भरून वाहायला लागलं होतं. शकू उठली. दिवाणावरच्या गोधड्या, उशा ओढून तिनं जमिनीवर त्यांचा ढीग केला आणि सामान बांधायला बसल्यासारखी त्यात बसली. डावा पाय मुडपून खाली घेतला, उजवा गुडघा उभा केला, त्यावर कोपर टेकवलं. मनगट सैल सोडलं.

“अशा बसायच्या का न्हाई?”

मी बघत राहिले. “मान जरा खाली. अजून. हं, आणि डावीकडे.”

“पाठ?”

“वाकलेली. कंबर दुखायची ना त्यांची.”

तिनं पाठ वाकवली. पदर कमरेला खोचला. मग त्या स्थितीत, माझ्याकडे न बघता, अगदी अक्कांच्या आवाजात बोलायला लागली. “अय्यो, मंगल, तुझ्या घरात चमचे किती गं! खाणारी माणसं तीन अन् चमचे गावभर. ह्यातले निम्मे मी घेऊन जाते बघ.”

मी नवा कागद लावला. शकू बोलत राहिली आणि माझा हात चालत राहिला. गुडघ्याची उभी रेघ, त्यावरून खाली आलेला पदराचा काठ, वाकलेल्या पाठीची कमान, सैल सोडलेलं मनगट. शकूचा देह उंच आहे, अक्का ठेंगण्या. तरी ती सगळी मोजमापं हातानं आपोआप बदलून घेतली. ऊन उतरेपर्यंत ती हलली नाही.

मग तिनं उठून, गुडघे चोळत, कागद पाहिला. चेहऱ्याची जागा मी कोरी सोडली होती.

“तोंड काढलं न्हाईस?”

“नाही आलं.”

शकू खाली वाकून बघत राहिली. मला वाटलं, आता पुन्हा म्हणेल, ही कोण बाई. तिनं कागदाच्या कडेला लागलेला कोळसा बोटानं हळूच पुसला.

“आसू दे,” ती म्हणाली. “अक्का वळखू यायल्यात.”